अर्ध्या समासाचे कागद

नोकरीच्या पहिल्या दिवशी मला जो पहिला हुकूम मिळाला, तो लिहिण्याविषयीचा नव्हता, कोरे ठेवण्याविषयीचा होता. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात मी नक्कलकारकून म्हणून रुजू झालो होतो. वरिष्ठांनी एक फुलस्केप कागद उभा दुमडला, घडीवरून नख फिरवले, कागद पुन्हा उलगडला आणि म्हणाले, "या रेघेच्या उजवीकडे तुमचे राज्य. डावीकडे शाईचा ठिपकासुद्धा पडता कामा नये."

"डावीकडे कोण लिहिणार?" मी विचारले.

"ज्याला उत्तर द्यायचे असेल तो. आणि त्याने नाही लिहिले, तरी जागा त्याचीच."

साध्या पत्राला पाव समास आणि ज्या पत्रावर वरून काही हुकूम अपेक्षित असेल त्याला अर्धा, असा तेव्हा दंडक होता. मी आयुष्यभर अर्धाच सोडला. निवृत्त होऊन आता पुष्कळ वर्षे झाली, बहुतेक कार्यालयांत कागदच उरलेला नाही, तरी माझे प्रत्येक पत्र आजही कागदाच्या उजव्या अंगाला लिहिलेले असते. डावे अंग कोरे जाते आणि कोरेच राहते. रस्त्याच्या कामाविषयी, बंद पडलेल्या पथदिव्याविषयी, चौलच्या देवळाकडे वळणाऱ्या फाट्यावरच्या चुकीच्या फलकाविषयी मी लिहिलेल्या पत्रांचे डावे अंग एकाही अधिकाऱ्याने शाईने विटाळलेले नाही. याचा मला संताप आहे आणि तो लपविण्याचे मला कारण दिसत नाही.

इंग्रजी नमुन्यांवर त्या कोऱ्या जागेला मार्जिन म्हटलेले असे. आमच्या ग्रंथालयात एक जाडजूड इंग्रजी कोश होता. त्याचे पुठ्ठे वाळवीने खाल्ले होते, परंतु शब्द शाबूत होते. दुपारी न्यायाधीशमहाराज जेवायला गेले म्हणजे पंख्याखाली बसून मी तो चाळीत असे. उन्हाचा एक लांबट तुकडा टेबलावरून सरकत असे आणि त्याच्याबरोबर मीही कुठेतरी सरकत जाई. मार्जिनचे मूळ लॅटिन मार्गो. अर्थ, कड. इंग्रजीत तो शब्द आला तेव्हा पानाच्या कडेलाही तोच लावीत आणि पाण्याच्या कडेलाही तोच. त्याच मुळाचा एक फाटा उत्तरेकडे गेला. तिथे त्याचा आधी हद्द असा अर्थ होता, आणि हद्द दिसावी म्हणून खूण करावी लागते, म्हणून पुढे तोच शब्द खुणेचा झाला. आपण परीक्षेत मिळवतो ते मार्क म्हणजे कधीकाळी कुणीतरी शिवेवर पुरलेला दगड होता! फारसीत मर्ज म्हणजे सरहद्द. संस्कृतात मर्या म्हणजे सीमा आणि तिच्यावरून मर्यादा. हे शेवटचे नाते सिद्ध झालेले नाही. सबब मी त्यावर दावा सांगत नाही. परंतु फेटाळतही नाही. संशयाचा फायदा देऊन ठेवला आहे.

त्या दुपारी मला नेहमी एकच चित्र दिसे. कागदाची उजवी बाजू म्हणजे जमीन, तिच्यावर भाताच्या ओळींसारख्या ओळी. आणि डावीकडे, घडीच्या पलीकडे, खाडीचे पाणी. पाणी येते, घडीपर्यंत चढते, काही न लिहिता परत जाते. मग घंटा वाजे. ती न्यायालयाची नव्हे, टंकलेखन यंत्राची असे. ओळ समासाजवळ आली की सहा-सात अक्षरे आधी यंत्रातली इवलीशी घंटा किणकिणते, म्हणजे टंकलेखकाने शब्द आवरता घ्यावा. कडेपाशी पोहोचण्याआधी सूचना देणारी अशी सभ्य कड मी अन्यत्र पाहिली नाही.

शब्द मात्र फार फिरला. न्हावा शेव्याला ट्रेलर चालविणारे आमच्या गावचे तरुण "या भाड्यात मार्जिनच न्हाय राहिला" असे म्हणतात. आणि मला स्वतःला शासनाने जो दाखला दिला आहे त्यावर माझे वर्णन 'सीमांत शेतकरी' असे आहे. हे त्याच इंग्रजी शब्दाचे सरकारी भाषांतर. जमीन थोडी, म्हणून मी कडेचा माणूस. दाखला हाती आला त्याच दिवशी मी पत्र लिहून विचारले की, मी नक्की कशाच्या कडेला आहे ते कळवावे. समास अर्धा सोडला होता. उत्तर नाही.

वास्तविक उत्तर मला ठाऊक होते. आमचे शेत खाडीच्या कडेला आहे. रेवदंड्याच्या खाडीची एक शाखा आमच्या गावामागे येऊन तिवरांत हरवते. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून आमच्या पूर्वजांनी चिखलाचा एक लांब बांध घातला. त्या बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे मासे. बांधामागे ज्यांची ज्यांची शेती, त्या सगळ्यांची मिळून एक जोळ असे. जोळ म्हणजे बांध राखणारी मंडळी. प्रत्येक घराच्या वाट्याला बांधाचे मोजून ठरलेले हात. आमच्या वडिलांकडे बत्तीस हात होते. दर साली पावसाळ्याआधी आपापल्या हातांवर माती चढवायची आणि बांधाला कुठे खांड पडली, म्हणजे पाण्याने भोक पाडले, तर ज्याचा वाटा असेल त्याची वाट न पाहता सगळ्यांनी टोपल्या घेऊन पळायचे. जोळीचा एक नियम लिहिलेला नव्हता आणि म्हणूनच बहुधा तो पाळला जाई. बांधावर भांडण चढवायचे नाही. कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे असलेले दोघे, त्यांचे हात शेजारी असतील तर, खांद्याला खांदा लावून चिखल देत-घेत. मी लहानपणी ते पाहिले आहे. दोघे कमरेपर्यंत ओहोटीच्या पाण्यात, तोंडातून शब्द नाही, आणि टोपली या हातातून त्या हातात जाताना जणू स्वतःहूनच तरंगते आहे.

वडिलांच्या पश्चात माझी आणि थोरल्या बंधूंची वाटणी झाली. शेताच्या मधोमध एक छोटा बांध पडला. खाडीवरच्या बांधाचेही सोळा-सोळा हात झाले. ते मी वाटणीपत्रात लिहून घेतले. पुढे बंधू वारले आणि त्यांचे शेत वहिनी करू लागल्या. माझी पत्नी होती तोवर दोन्ही घरांत भाजीची वाटी जात-येत असे. ती गेल्यावर फक्त कागद जाऊ लागले.

कारण असे घडले. एके वर्षी माझ्या लक्षात आले की आमच्या दोघांच्या शेतांमधला छोटा बांध त्यांच्या अंगाने कोरला जात आहे. दर साली बोटभर. माती कापल्याच्या फावड्याच्या खुणा स्वच्छ दिसत. बांध कोरणे हा काय प्रकार असतो हे मी न्यायालयात तीस वर्षे नकलून काढले होते. मी वहिनींना पत्र लिहिले. त्यांचे घर माझ्या ओट्यापासून चाळीस पावलांवर आहे, तरी लिहिले. कारण तोंडी बोलण्याला पुरावा नसतो. "सामाईक बांधाची माती आपण कोणत्या अधिकाराने नेता याचा खुलासा सोबतच्या समासात करावा." अर्धा कागद कोरा. गड्याकरवी पाठवला. खुलासा आला नाही. पुढल्या साली पुन्हा पत्र, पुन्हा मौन. अशी अकरा वर्षे गेली. प्रत्येक पत्राची स्थळप्रत माझ्याकडे आहे आणि प्रत्येकीच्या पाठीवर माझ्या हातची नोंद आहे: उत्तर नाही. रस्त्यात गाठ पडली तर त्या पदर सावरून बाजूने निघून जात, मी आकाशाकडे पाहत असे.

त्याच काळात खाडीवरचा मोठा बांध शासनाच्या ताब्यात गेला. जोळीच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि कायदा समजावून सांगितला. बांध आता शासनाचा, म्हणून दुरुस्तीही शासनाची. आपण माती टाकली तर जबाबदारी आपण पत्करली असा अर्थ निघेल आणि उद्या नुकसानभरपाई मागताना आपलेच हात आपल्याला आडवे येतील. लोकांनी माना डोलावल्या. न्यायालयातला माणूस बोलतो आहे म्हटल्यावर टोपल्या माळ्यावर गेल्या. माझ्या सोळा हातांवर त्यानंतर मी एक मूठ माती टाकली नाही. ते मी तत्त्व म्हणून केले. आज लिहिताना ते वाक्य मला फार सरळ उभे राहिलेले दिसत नाही.

आता जे सांगायचे ते एका भाद्रपदातले आहे. सर्वपित्री अवसेचा दिवस. घराघरांत पितरांच्या पानाची तयारी चाललेली; भात पोटरीला आलेला; आणि खाडीवर असे धुके की तिवरांची झाडे पाण्यावर नव्हे तर हवेतच उगवलेली वाटावीत. मी पहाटेच्या ओहोटीला बांधावर फिरायला गेलो होतो. पायाखाली माती मऊ, आवाज नाही. कुठेतरी पाणी हळू आवाजात स्वतःशी बोलत होते. मी थांबून ऐकत राहिलो. फार गोड आवाज होता. मला कळायला थोडा वेळ लागला की तो आवाज बांधाच्या आतून येतो आहे.

खांड टोपलीएवढी होती. खेकड्यांच्या बिळांतून पाण्याने वाट काढली होती. आणि ती माझ्या सोळा हातांत होती.

अर्ध्या तासात गाव जमला. माळ्यावरच्या टोपल्या उतरल्या, कुणी पेंढा आणला, कुणी लाकडी मेढी. अजून ओहोटी होती. त्या वेळी वीस माणसांनी तासभर हात लावला असता तर हे पुढचे काहीच लिहावे लागले नसते. मी आडवा आलो.

"पंचनामा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही," मी म्हणालो.

"तात्या, आत्ता बुजवू आनि मंग पंचनामा करू की," एक जण म्हणाला.

"बुजवल्यावर कशाचा पंचनामा? बुजवलेल्या भोकाचा?"

"पन दुपारला भरती हाय. अवसेचं पानी हाय."

"असू दे. नुकसान झाले तर शासन देईल. बुजवलेत तर शासन म्हणेल, तुम्ही समर्थ आहात, तुम्हीच करा. इतकी वर्षे पत्रे लिहितो आहे ती काय उगाच?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. पानावर बसायची वेळ जवळ येत होती, कावळ्यांना घास ठेवायचे होते. तात्या सांगतात म्हणजे काही असेल, असे म्हणत एकेक जण घरी गेला. मागे वहिनी उभ्या होत्या, हातात टोपली. टोपली पालथी घालून तिच्यावर बसल्या आणि खांडीकडे पाहत राहिल्या. खांडीच्या आत पहिले शेत त्यांचे होते. माझे वरच्या अंगाला होते. अकरा वर्षांच्या पत्रव्यवहारात एकदाही मी हे ध्यानात घेतले नव्हते की पाणी शिरले तर आधी कुणाकडे शिरेल.

मी एसटीने तालुक्याला गेलो. अर्ज दिला, पोच घेतली. साहेब रजेवर होते. दुसरे साहेब बैठकीला होते. एका मुलीने फार नम्रपणे सांगितले की अर्ज ऑनलाइन करावा लागतो. परत आलो तेव्हा दुपारची भरती येऊन गेली होती. टोपलीएवढ्या खांडीतून आता बैलगाडी गेली असती. वहिनींच्या शेतात पाणी चमकत होते. त्यात आकाश दिसत होते, ढग दिसत होते, आणि ढगांतून भाताची टोके वर आलेली. अतिशय सुंदर दृश्य होते ते, आणि मी मान फिरवली.

रात्रीच्या भरतीने आणखी काही हात नेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुन्हा गेलो तेव्हा लोक आधीच जमले होते, पण टोपल्या खाली ठेवून. माझी वाट पाहत होते. मला वाटते, मी त्यांच्या रागालाही त्या क्षणी पात्र उरलो नव्हतो. खांडीच्या मधोमध, उथळ पाण्यात, एक बगळा एका पायावर उभा होता.

"या, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. अकरा वर्षांत त्यांचा आवाज मी प्रथमच स्वतःला उद्देशून ऐकला. "तुमचा पंच आलाय बघा. कवाचा उभा हाय. लिहून घेतोय सगळं."

मागे कुणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले.

"वहिनी, मी कायदेशीर मार्गाने—"

"अवसेच्या दुसऱ्या दिवसाचं पानी सगळ्यात मोठं असतंय, हे तुमच्या कायद्याला ठावं हाय का? आज दुपारी येनार हाय ते. काल माझं शेत गेलं. आज तुमचं जाईल, आनि मंग या सगळ्यांचं."

"तुम्ही बांध कोरलात त्याचे उत्तर अजून दिलेले नाही," मी म्हणालो. ते त्या वेळी का म्हणालो, हे मला आजतागायत समजलेले नाही. माणूस कडेला आला की हातात असेल ते धरतो. माझ्या हातात तेवढेच होते.

वहिनींनी कमरेची पिशवी सोडली. तिच्यातून कागदांच्या पट्ट्यांची एक जुडी काढली, सुतळीने बांधलेली. "वाचा," म्हणाल्या. "तुमचाच कागद हाय. चांगला हाय, शाई फुटत न्हाय."

मी कागद ओळखले. उभ्या घडीवर कात्रीने कापलेले माझे समास. अकरा वर्षांची डावी अंगे. त्यांवर चौथीपर्यंत शिकलेल्या हाताची मोठाली, गोल अक्षरे होती.

"पौष अवस. पाणी दुसऱ्या दगडाखाली चार बोटे."

"माघ पुनव. दुसरा दगड भिजला."

"श्रावण अवस. तिसरा दगड. भाऊजींच्या वाट्याला वरून माती नाही. दोन टोपल्या टाकल्या."

"चैत्र. भाऊजींच्या वाट्याला पाच टोपल्या."

"भाद्रपद अवस. तिसरा दगड बुडाला. खेकडे फार. सात टोपल्या."

बांधाच्या उतारावर बंधूंनी पायरीसारखे दगड बसवले होते, उतरायला सोपे जावे म्हणून. त्या दगडांवर वहिनी दर अवसेला आणि पुनवेला पाण्याची रेघ पाहत आल्या होत्या. मी पाने उलटत गेलो. धुके विरळ होत होते. कानात ती टंकलेखन यंत्राची घंटा वाजत होती, सहा-सात अक्षरे आधी, आणखी सहा-सात अक्षरे आधी, प्रत्येक पट्टीवर.

"ही माती," मी विचारले, "कुठून आणलीत?"

"कुठनं आननार? तुमच्या शेतातनं आनली असती तर तुम्ही मुंबईच्या कोर्टात गेला असता. माझ्या शेतात भात. मधला बांध दोघांचा होता. त्याची माती चिकट, गोड्या पान्याची. भाताला काय, वीतभर बांध कमी झाला तरी चालतंय. खाडीला चालत न्हाय."

"मग हे मला लिहून का कळवले नाहीत? समास त्यासाठीच होता."

"तुम्ही इचारलं होतं, कोनत्या अधिकारानं. ते मला कुठं म्हाईत होतं?"

मला न्यायालयात शिकविले होते की कलमाच्या बाजूला समासात जी टीप छापलेली असते ती कायद्याचा भाग नसते. तिच्यावर विसंबून कलमाचा अर्थ लावायचा नसतो. मी ते आयुष्यभर मानले. त्या पहाटे हातात पट्ट्या धरून मी सोळा हातांकडे पाहत होतो आणि मला एवढेच दिसत होते की, हे सोळा हात अकरा वर्षे जे उभे राहिले ते या टिपांवर राहिले. आणि त्याही पुऱ्या पडल्या नव्हत्या, कारण एका बाईच्या पाच-सात टोपल्यांनी जोळीचे काम होत नाही, आणि जोळ मी घरी बसवली होती.

"टोपल्या उचला," मी म्हणालो. आवाज बराच मोठा निघाला असावा. बगळा उडाला.

त्यानंतरचे मला सलग आठवत नाही; झोपेत पाहिल्यासारखे तुकडे आठवतात. धोतराचा काचा मारून मी पाण्यात उतरलो तेव्हा पाणी गार होते. दोन ओळी मेढी ठोकल्या गेल्या, त्यांच्यामध्ये पेंढा दाबला आणि पेंढ्यावर चिखल. चिखल आतल्या अंगाने, माझ्या शेतातून घेतला. माझ्या उभ्या भाताच्या मुळांसकट. ते मीच सांगितले. हातातून हातात टोपल्या येत होत्या. माझ्या डावीकडे वहिनी होत्या, कारण वाटणीपत्राप्रमाणे माझ्या सोळा हातांना त्यांचे सोळा हात लागून आहेत. माझ्या वयाला टोपली जड होत होती. त्या अर्धीच भरून देऊ लागल्या. मी ते पाहिले, त्यांनी पाहिले की मी पाहिले, आणि दोघेही काही बोललो नाही. बांधावर भांडण चढवायचे नाही, आणि आभारही चढवायचे नसावेत.

"तात्या, बसा जरा," कुणीतरी म्हणाले.

"न्हाय बसायचे ते," वहिनी परस्पर म्हणाल्या. "पोच मिळाल्याबिगर न्हाय बसायचे."

लोक मोकळेपणाने हसले. मीही हसलो असेन.

अकराच्या सुमारास पाणी चढू लागले. शेवटच्या टोपल्या पळत आल्या. मग आम्ही सगळे बांधावर बाजूला उभे राहिलो, आणि करण्यासारखे काही उरले नाही. पाणी आले. ते नेहमीच असे येते, घाई नसल्यासारखे. तिवरांचे बुंधे गेले, पहिला दगड गेला, दुसरा गेला. नव्या चिखलातून बुडबुडे आले. तिसऱ्या दगडावर पाणी चढले. कड कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते हे उन्हात दिसेनासे झाले. सगळे एकच चकाकते पान झाले, ज्यावर कुणीही, कुठल्याही अंगाला, काही लिहिलेले नाही. किती वेळ तसे होते ते सांगता येणार नाही.

"उतरतंय," वहिनी म्हणाल्या.

बांध राहिला. गावाची शेती वाचली. माझ्या शेताचा खालचा तुकडा आम्हीच खणून काढला होता, उरलेला पिकला. वहिनींचे शेत मात्र दोन भरत्या प्यायले होते. आठ दिवसांत ते खालून तांबूस होत गेले आणि त्या साली त्यांना दाणा मिळाला नाही. तेवढे नुकसान सरळसरळ माझ्या नावावर आहे. त्याच्यासाठी मी कोणत्याही कार्यालयाला पत्र लिहिले नाही.

अधिकारी पाचव्या दिवशी आले. बांधावर उभे राहून त्यांनी विचारले, "खांड कुठे आहे?" मी नवी माती दाखवली. ते म्हणाले, बुजवलेल्या खांडीची नोंद कशी करणार? हेच वाक्य मी चार दिवसांपूर्वी गावाला ऐकवले होते, म्हणून मला ते विशेष झोंबले. मी वहिनींच्या पट्ट्या पुढे केल्या. त्यांनी दोन-तीन उलटून पाहिल्या आणि म्हणाले, "आजोबा, हे कुणीतरी समासात लिहिलेलं आहे. याला काय अर्थ?"

त्यांना मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. ते लेखी स्वरूपात वरपर्यंत पाठवले आहे.

जोळ पुन्हा सुरू झाली आहे. वैशाखात मी माझ्या सोळा हातांवर माती टाकतो. मजूर लावतो, परंतु पहिली टोपली स्वतः. मधला बांध वीतभर अरुंदच आहे. तो पूर्ववत करून द्यावा असे मला तत्त्वतः अजूनही वाटते, आणि माती नेण्याआधी मला सूचना द्यावयास हवी होती हे माझे म्हणणे मी मागे घेतलेले नाही. वहिनींना ते मी तोंडी सांगितले. त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर नेऊ दिली असती?" या प्रश्नाचा खुलासा मी अद्याप केलेला नाही.

गेल्या अवसेच्या आदल्या सकाळी मी ओट्यावर बसलो होतो. खाडीकडून ओहोटीचा वास येत होता आणि डोळा लागत होता. चाळीस पावलांवरून हाक आली.

"भाऊजी, कागद संपलं. उद्या अवस हाय."

मी आत गेलो. फुलस्केप कागद घेतले, सवयीने उभी घडी घातली, नख फिरवले. मग उजव्या अंगाला काय लिहावे ते सुचेना. तसेच घेऊन त्यांच्याकडे गेलो. वहिनी चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी कागद हाती घेतले, या बाजूने पाहिले, त्या बाजूने पाहिले.

"उजवीकडं काय लिवलं न्हाय?"

"नाही."

"आता गं! इतकी वर्सं डावीकडचं कापून घेत होते आनि उजवीकडच्यानं चूल पेटवत होते. आता चूल कशानं पेटवू?"

मी घरी परतलो, कपाट उघडले, आणि अकरा वर्षांच्या स्थळप्रतींचा गठ्ठा आणून त्यांच्या चुलीशेजारी ठेवला.